सुदामचा शुक्रवार

रामेश्वर शेजूळ हा माणूस वाईट नव्हता, जळका होता. या दोन्हींत फरक आहे. कतारमधल्या मेसईदला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. वाईट माणूस तुमच्या ताटातली भाकरी पळवतो. रामेश्वर पळवायचा नाही. तो नुसता तुमच्या भाकरीकडे बघायचा आणि म्हणायचा, "तुझी कामून फुगली रे? माझी कामून नाई फुगली?" आणि मग त्या फुगलेल्या भाकरीनं दिवसभर त्याच्या पोटात दुखायचं.

माणूस जालना जिल्ह्यातला, घनसावंगीकडचा. कतारला येऊन इतकी वर्षं झालेली की गावाकडं पोरं त्याला 'दोहावाले मामा' म्हणायची. काम कामगारांची बस चालवायचं. सकाळी मेसईदहून दोहा, संध्याकाळी दोह्याहून मेसईद. बस मात्र अशी चालवायचा की मागं बसलेल्याच्या हातातला चहा हलू नये. पहाटे निघण्याआधी लोखंडी दांडक्यानं एकेक टायर ठोकून बघायचा, आवाज जरा बद्द आला की हवा भरल्याशिवाय जागचा हलायचा नाही. कामात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती डोळ्यांत.

तशी ती लहानपणापासूनचीच. पोळ्याला भावाच्या बैलाची झूल आपल्या बैलाच्या झुलीपेक्षा भारी दिसली म्हणून हे पोरगं मिरवणूक सोडून घरी येऊन झोपलं होतं. लग्नात साडूला सासऱ्यानं घड्याळ दिलं, ते घड्याळ बंद पडून कैक वर्षं झाली, पण रामेश्वरच्या डोक्यात ते अजून टिकटिकतच होतं. इथं आल्यावर कुणाची खालची कॉट, कुणाची एसीसमोरची जागा, कुणाच्या बायकोचा दिवसातून दोनदा येणारा व्हिडिओ कॉल, सगळं त्याला खुपायचं. मात्र या जळण्यावर त्याला एक उतारा सापडला होता. दुसऱ्याकडं जे दिसेल ते आपणही आणायचं. पगार झाला की दोह्यातल्या अल अझीझिया भागातल्या दुकानात जायचं, तसाच मोबाइल, तसलेच बूट, तसलंच पाठ चेपायचं मशीन उचलायचं. वस्तू खोलीत आली की पोटातली आग विझायची आणि वस्तू कॉटखाली जायची. तिथं आता झाडू घालायलाही जागा उरली नव्हती.

आणि मग सुदाम गोरिवल्याला झोप लागायला लागली.

हे नीट सांगायला हवं. सुदाम त्याचा खोलीतला सोबती, गुहागरकडचा. कंपनीच्या साहेबलोकांची लँडक्रूझर चालवायचा. गावी त्याच्या धाकट्या भावानं, नंदूनं, घर आणि काजूची बाग गोड बोलून स्वतःच्या नावावर करून घेतली होती. तेव्हापासून सुदामचं डोकं ठिकाणावर नव्हतं. रोज संध्याकाळी फोन लावायचा, नंदूला आयमाय काढून शिव्या द्यायचा, फोन आदळायचा, जेवण तसंच टाकायचा आणि खोलीत येरझाऱ्या घालायचा. डोळे तांबारलेले, गाल आत गेलेले. आणि त्या दिवसांत त्याची सेवा कुणी केली? या जळक्या रामेश्वरनं! त्याला पिठलं करून घालायचा, डोक्याला तेल चोळायचा, "जाऊ दे सुदाम, भाऊ म्हनल्यावर असंच असतंय," असं समजवायचा. स्वतःच्या भावावरही त्यानं एवढी माया केली नव्हती. बरोबरच आहे. रडणाऱ्या माणसावर जळायचं कशासाठी?

मग पाइपांचा गंज तपासायला एक म्हातारा इंजिनिअर आला, कॅलम साहेब. स्कॉटलंडच्या टोकाला समुद्रात एक बेट आहे म्हणे, तिथला. वारा इतका की झाड उभं राहत नाही, आणि भाषासुद्धा इंग्रजी नाही, वेगळीच, गेलिक. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पहाटे हा साहेब सुदामला घेऊन सीलाइनच्या किनाऱ्यापुढं, वाळूच्या टेकड्यांपलीकडं समुद्रावर जायचा आणि ऊन तापायच्या आत परत यायचा. एवढंच. पण थंडी सुरू झाली तसा सुदाम बदलत चालला. आधी फोन आदळायचा थांबला. मग जेवायला लागला. आणि एक दिवस रामेश्वर ड्युटीवरून आला तर हा गडी भर दुपारी, ट्यूबलाइट चालू असताना, तोंड उघडं टाकून घोरत होता. चेहरा असा की जगात त्याचं कुणी काही घेतलेलंच नाही.

रामेश्वर दारातच उभा राहिला. त्याला स्वतःला रात्री धड झोप लागत नसे. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं 'बीपी वाढतंय, मन शांत ठेवा' म्हणून बजावलं होतं, जणू शांती मेडिकलच्या कपाटातच ठेवलेली असते. आणि इथं हा, कालपर्यंत पिसाळल्यागत फिरणारा, लेकराप्रमाणे झोपलेला! रामेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला. मोबाइल असता तर तसलाच घेतला असता. बूट असते तर घेतले असते. ही झोप कुठल्या दुकानात मिळते?

"सुदाम्या, काय औषध खायलास?" त्यानं चहा देता देता विचारलं.

"औषध कसलं? साहेब समुद्रासमोर उभे राहून त्यांच्या भाषेत आशीर्वाद म्हणतात. त्यांच्या घरची रीत हाय. चूल पेटवताना म्हणायचा, गाय सोडताना म्हणायचा, होडी ढकलताना म्हणायचा. मीपण म्हणतो."

"म्हनजे काय म्हनतो? सांग की."

सुदामची मान खाली गेली. "ते सांगता नाय येणार."

"कामून?"

"नाय येणार रे बाबा. तुला तर नायच."

झालं! रामेश्वरला काय समजायचं ते समजलं. त्यांच्या गावात एक महाराज यायचे, ते कानात मंत्र द्यायचे आणि बजावायचे, दुसऱ्याला सांगितलास तर उतरला म्हणून समज. म्हणजे गोऱ्या साहेबानं सुदामला कानमंत्र दिला होता, आणि हा लबाड तो एकटाच गिळून बसला होता. ज्याच्या डोक्याला मी तेल चोळलं, तो मला म्हणतो, तुला तर नाहीच!

त्या दिवसापासून खोलीत वेगळंच राजकारण सुरू झालं. सुदाम आडवा झाला की रामेश्वरला भांडी घासायची आठवण यायची. सुदामचा डोळा लागला की याचा खोकला उठायचा. "झोपा महाराज, झोपा. तुमचं काय बाप्पा, तुम्ही संत झालात," असं येता-जाता टोचायचा. सुदाम कूस बदलायचा आणि पुन्हा झोपायचा. टोमणा वाया गेला की टोमणे मारणाऱ्याचं काय होतं ते टोमणे मारणाऱ्यालाच माहीत. रामेश्वरनं फोनवर भजनं लावून पाहिली, नाकपुड्या दाबून श्वास मोजून पाहिला, गावाकडं बबीताला फोन करून तिच्यावरच खेकसला. ती म्हणाली, "तुमचं काई तरी बिघडलंय. सुदामभाऊंना विचारा, ते किती शांत बोलतात आजकाल." बायकोसुद्धा! त्यानं फोन ठेवून दिला.

अशात बातमी आली की कॅलम साहेब कायमचा मायदेशी चालला आहे. येणारा शुक्रवार शेवटचा.

रामेश्वरच्या मनानं घेतलं, आता नाही तर कधीच नाही. साहेब गेला की मंत्र गेला. पण सुदाम असेपर्यंत त्या गाडीत दुसऱ्या ड्रायव्हरला कोण बसवणार? बुधवारी तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेला. तिथला सुपरवायझर अब्बासभाई हैदराबादचा, कामाला चोख. रामेश्वर त्याच्या टेबलाजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "भाई, किसीको बोलना मत. वो सुदाम गाडी चलाते चलाते झपकी लेता है. मैं अपनी आँख से देखा."

त्याला वाटलं होतं, अब्बास सुदामला एक शुक्रवार घरी बसवील, रागवील, आणि खलास. पण ड्रायव्हरची डुलकी म्हणजे कंपनीत साधी गोष्ट नाही. अब्बासचा चेहराच पडला. गुरुवारी त्यानं सुदामची गाडी काढून घेतली आणि रविवारी सेफ्टीच्या साहेबांपुढं हजर राहायला सांगितलं. तिथं चूक ठरली तर परतीचं तिकीट. शुक्रवारची ड्युटी कुणाला द्यायची म्हटल्यावर रामेश्वरनं हात वर केलाच होता.

खरं तर एवढं त्याला नको होतं. सुदामला घालवायचं कुणाच्या मनात होतं? पण तोंडातून शब्द गेलेला. आता मागं घेतला तर आपलीच नोकरी जायची. तो गप्प बसला. गप्प बसणं सोपं जावं म्हणून त्यानं मनाला समजावलं की काही होत नाही, चौकशी होईल, सोडून देतील.

संध्याकाळी सुदाम खोलीवर आला. त्यानं स्वतःच सगळं सांगितलं, कुणी तक्रार केली ते विचारलंही नाही, आणि लँडक्रूझरची चावी रामेश्वरच्या पुढं ठेवली.

"एक लक्षात ठेव. सीलाइनच्या पुढं डांबर संपलं की चारी टायरांची हवा कमी करायची. अर्ध्यावर आणायची. तिथं तो पठाण मन्सूर बसलेला असतो, त्याला सांगितलंस की तो करून देईल. भरल्या टायरांनी वाळूत गाडी रुतते."

रामेश्वरनं मान हलवली, पण मनात म्हणाला, बच्चमजी, मला शिकवतोस? आयुष्यभर हवा भरण्यासाठी टायर ठोकत आलेला माणूस मी, आणि हा सांगतो हवा सोड! कमी हवेच्या टायरवर गाडी काढणं त्याच्या लेखी पाप होतं. त्याच्या आत जे जळत होतं त्यानं त्याला लगेच अर्थही लावून दिला. याला माझी फजिती करायची आहे. चौकशीत म्हणायला बरं, बघा, रामेश्वरनं गाडी बिघडवली, मी होतो तेच बरं होतं. म्हणून त्यानं काय करावं? क्वार्टर्सच्या मागच्या पंपावर जाऊन चारी टायर आणखी टणक करून घेतले.

आणि सुदाम? नोकरी जायची पाळी आलेला सुदाम जेवला, हात धुतले आणि झोपला. रामेश्वर छताकडं बघत पडून राहिला. त्याला सुदामचा इतका राग कधीच आला नव्हता.

शुक्रवारी पहाटे कॅलम साहेब गाडीत बसला तो इकडंतिकडं बघतच. उंच, वाकलेला, भुवया पांढऱ्या आणि दाट. "सुदाम?" त्यानं विचारलं.

"सुदाम नो ड्युटी सर. आय ड्रायव्हर टुडे."

साहेब रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसला. डाव्या हाताला कारखान्यांचे दिवे मागं पडले, पुढं वाळूच्या टेकड्या अंधारातून हळूहळू वर यायला लागल्या. डांबर संपलं तिथं मन्सूर टपरीपुढं शेकोटी करून बसला होता. गाडी ओळखून तो हवेचा पाइप घेऊन धावत आला. रामेश्वरनं काच खाली न करताच हात हलवला आणि गाडी पुढं काढली.

"हवा?" साहेबानं विचारलं.

"डन सर. ऑल डन," रामेश्वर म्हणाला. खोटं एकदा जिभेवर बसलं की किती सराईत होतं बघा.

पहिली टेकडी चढली. दुसरी चढली. तिसरी उतरून समुद्र दिसतो न दिसतो तोच गाडीचा मागचा भाग खाली बसला. रामेश्वरनं अडकलेली बस काढताना देतात तसा ॲक्सिलरेटरवर जोर दिला. चाकं गरगरली, वाळूचा फवारा उडाला आणि गाडी पोटापर्यंत आत गेली. तो खाली उतरला. वाळूत टेकलेली ती टणक, फुगलेली चाकं त्यानं बघितली. सुदाम खरं बोलला होता. त्यानं फसवलं असतं तर रामेश्वरला बरं वाटलं असतं. सुदाम खरं बोलला याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

साहेबानं एकदा टायरकडं बघितलं, एकदा रामेश्वरकडं. ओरडला नाही. "चल," म्हणाला, आणि पायीच पाण्याकडं निघाला.

रामेश्वर मागोमाग गेला. समुद्र त्यानं पाहिला नव्हता असं नाही. दोह्याच्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, शंभरदा पाहिला होता, पण तिथं तो दिव्यांमागं बसलेला. इथं काहीच नव्हतं. पाणी टेकड्यांमधून आत शिरलेलं, शिशाच्या रंगाचं, पलीकडं सौदीचे डोंगर निळे. उथळ पाण्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी माना घालून उभे. वाळूवर वाऱ्यानं रेघा ओढलेल्या, वखराची पाळी घातलेल्या रानासारख्या. ते रान बघून रामेश्वरला एकदम घनसावंगीची सकाळ आठवली आणि त्याचा श्वास आपोआप लांबला. सुदाम दर शुक्रवारी हे बघायचा! लगेच पोटात कळ आली.

साहेब पाण्याच्या कडेला उभा राहिला, दोन्ही हात सैल सोडले आणि म्हणायला लागला. 'ख' अरबांसारखा घशातून यायचा, पण सूर लांबच लांब, आरतीतल्या शेवटच्या ओळीसारखा. रामेश्वर कान टवकारून उभा राहिला. हाच तो मंत्र! पाठ करायचा म्हणून तो ओठ हलवत राहिला. मध्येच साहेब थांबला.

"आता इथं नाव घ्यायचं," तो मोडक्यातोडक्या इंग्रजी-हिंदीत म्हणाला. "माझ्या आईची रीत. ज्याचं भलं चिंतायला जीभ वळत नाही, त्याचं नाव. शेजाऱ्याची मेंढरं आपल्या कुरणात घुसली की त्या सकाळी ती शेजाऱ्याचंच नाव घ्यायची. बाकीचे शब्द नुसती वाट आहे. पोचायचं इथं असतं. तुझं नाव काय?"

"रामेश्वर, सर."

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. तो पूर्ण वळला. "रामेश्वर? सुदामच्या खोलीतला रामेश्वर? बसवाला? बीपीवाला?"

"येस सर," रामेश्वर चाचरत म्हणाला. याला माझं बीपी कसं ठाऊक?

साहेब हसायला लागला, मोकळा, पोटातून. "अरे, तुला तर मी चांगला ओळखतो! सुदामला पहिल्यांदा भावाचं नाव घ्यायला सांगितलं, तर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. रडायलाच लागला. मी म्हटलं, मग जरा हलकं नाव घे. तो म्हणाला, खोलीत एक जण आहे. आजारात माझं सगळं केलं त्यानं, पण त्याला स्वतःला झोप नाही, बीपी आहे, आणि दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नाही. मी म्हटलं, घे त्याचं नाव. मग अख्खा हिवाळा आम्ही दोघांनी इथं उभं राहून तुझंच नाव घेतलं. तो त्याच्या भाषेत म्हणायचा. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं."

आणि त्या बेटावरच्या म्हाताऱ्यानं समुद्राकडं तोंड करून, एकेक अक्षर जपून ठेवत, मराठीत म्हटलं, "रामेश्वरला झोप लागू दे. रामेश्वरच्या जिवाला थंडावा मिळू दे."

रामेश्वरला खोलीतल्या रात्री आठवल्या. भांडी आदळत होतो, खोकत होतो, दिवा लावत होतो, आणि हा दर शुक्रवारी इथं येऊन माझी झोप मागत होता! 'तुला तर नायच' म्हणाला तो याचसाठी. तो खाली वाळूत बसला. त्याला रडू आलं असतं, पण आधी लाज आली, आणि खरं सांगायचं तर लाजेच्याही आधी पुन्हा तोच जुना डंख. हेही सुदामलाच जमलं. चांगुलपणातसुद्धा हाच पुढं!

"आता तुझी पाळी," साहेब म्हणाला. "कुणाचं नाव घेतोस?"

नाव तर जिभेच्या टोकावर होतं. पण जीभ वळेना. रामेश्वरनं तोंड उघडलं, मिटलं. साडूचं नाव घेऊन बघितलं, ते सहज आलं. भावाचं आलं. सुदामचं येईना. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला.

"सुदाम, गाडी रुतली."

"हवा सोडलीस?"

"नाई."

"थांब. येतो."

ऊन वर आलं तेव्हा मन्सूरच्या जुन्या जीपमधून सुदाम आला. गुडघ्यावर बसून एकेका टायरची हवा फुस्स करून सोडली, मन्सूरबरोबर चाकांमागची वाळू उपसली, गाडीत बसला आणि हलकेच मागंपुढं करत ती अशी वर काढली की बघत राहावं. टायर पसरट होऊन वाळूवर बसले होते. मन्सूरनं "यल्ला", म्हणजे चला आता, म्हणून हात हलवला आणि निघून गेला.

मग सुदाम आणि साहेब पाण्याच्या कडेला गेले, शेजारी शेजारी उभे राहिले. शेवटचा शुक्रवार. रामेश्वर गाडीजवळ थांबला. त्याला त्यांच्यात जायचं नव्हतं आणि लांबही राहवत नव्हतं. ते दोघं असे उभे होते की मध्ये तिसऱ्याला जागाच नाही. पुन्हा पोटात आग! एवढं सगळं ऐकून, एवढी लाज वाटूनही ही आग विझत नाही, म्हणजे माणसानं करावं तरी काय? तो तसाच, ती आग घेऊनच, चालत गेला आणि सुदामच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

साहेबानं म्हटलं. नावाची जागा आली. सुदाम म्हणाला, "नंदूला सुखात ठेव. बागेला मोहर येऊ दे." या वेळी शब्द आले. म्हणजे रामेश्वरच्या जागी आता नंदू होता. हेही रामेश्वरला लागलं, बरं का! आपलं नाव काढून टाकलं म्हणून लागलं. मग दोघंही त्याची वाट बघत राहिले.

"सुदामला," रामेश्वर म्हणाला. पुढं काय मागायचं? झोप त्याला होती. शांती होती. भाऊसुद्धा त्यानं मनातल्या मनात परत मिळवला होता. त्याच्याजवळ नव्हतं ते एकच होतं, आणि ते देवानं नेलेलं नव्हतं. "सुदामला," त्यानं पुन्हा म्हटलं, "त्याची गाडी परत मिळू दे. रविवारी त्याच्यावर काई येऊ नये."

समुद्र होता तसाच होता. सुदामनं त्याच्याकडं वळून बघितलं. डोळ्यांत राग नव्हता आणि माफीही नव्हती.

"हे देवाला कशाला सांगतोस, रामेश्वर?" तो म्हणाला. "अब्बासला सांग."

म्हणजे त्याला माहीत होतं. चावी पुढं ठेवताना माहीत होतं, हवेचं सांगताना माहीत होतं, जीपमधून येतानाही माहीत होतं. रामेश्वरच्या कानांतून वाफा निघाल्या. साहेबाला मराठी कळत नव्हती, तरी तो दोन पावलं बाजूला झाला.

फोनला एकच काडी रेंज होती. रामेश्वरनं नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली. सुट्टीच्या सकाळी अब्बासभाईचा आवाज झोपेनं जड झालेला.

"क्या मियाँ, गाडी ठोकी क्या?"

"नहीं भाई. सुदाम गाडी पे कभी नहीं सोया. वो मैं झूठ बोला था."

पलीकडं आवाज एकदम जागा झाला. "होश में है ना? संडे को फिर उसकी जगह तेरे को खडा करेंगे. बस जायेगी, नौकरी भी जा सकती. समझ रहा क्या?"

"समझ रहा, भाई."

"फिर बोला कायकू? उसने क्या बिगाडा तेरा?"

रामेश्वरनं सुदामकडं बघितलं. सुदाम पाण्याकडं बघत होता.

"कुछ नहीं बिगाडा," तो म्हणाला. "उसको नींद आती थी, भाई. मेरे को नहीं आती थी."